भायखळा ते शीव, पुलाखालून

मुंबईचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आता बराचसा दुमजली झाला आहे. २०११ साली लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला. तेव्हापासून राणीच्या बागेपाशी पुलावर चढलेली गाडी थेट परळला खाली उतरते. चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता ही सगळी ठिकाणं तिच्या चाकांखालून मुकाट मागे पडतात. पुढे परळचा पूल, हिंदमाताचा पूल, दादर टीटीचा पूल. गाडीतल्या माणसाला चाळींचे वरचे मजले दिसतात, दोऱ्यांवरचे कपडे दिसतात, गॅलरीतली डब्यात लावलेली तुळस दिसते आणि त्या सगळ्यामागे उभे राहिलेले काचेचे टॉवर दिसतात. वेळ वाचतो हे खरं आहे. केईएम रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला तो वाचायलाच हवा. पण या रस्त्यावर जे घडलं ते सगळं खालच्या मजल्यावर घडलं. म्हणून मी शक्य असेल तेव्हा खालून जाते आणि जमेल तितकं पायी जाते.

बाबासाहेबांच्या नावाचा रस्ता आपल्याकडे गावोगावी असतो. आदराने दिलेलं ते नाव असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्या रस्त्याचा त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आलेला नसतो. मुंबईतला हा रस्ता मात्र त्यांच्या पायाखालचा आहे. लग्न भायखळ्याला. संसार, वृत्तपत्र आणि सार्वजनिक कामाची सुरुवात परळला. पुस्तकांसाठी बांधलेलं घर दादरला. अखेरची यात्राही याच रस्त्याने परळपर्यंत गेली. एका माणसाच्या आयुष्यातले एवढे टप्पे एकाच सरळ रस्त्यावर, पाचेक किलोमीटरच्या आत, पायी जाऊन पाहता यावेत असा दुसरा रस्ता मला माहीत नाही. असं असूनही मुंबईकर या रस्त्याकडे फक्त वाहतूककोंडी म्हणून पाहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भायखळ्यापासून निघू या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तीही याच वाटेने. भायखळा स्टेशनाची आजची दगडी इमारत १८५७ ची. अलीकडे तिची नीट डागडुजी झाली आहे आणि कमानींचा दगड पुन्हा उजळला आहे. जवळच बाजार आहे. इथल्याच मासळीबाजारात भीमराव आणि रमाबाई यांचं लग्न लागलं. कार्यालयाचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून दिवसाचा बाजार उठल्यावर दोन्हीकडची माणसं त्या उघड्या छपराखाली जमली. एका अंगाला वरपक्ष, दुसऱ्या अंगाला वधूपक्ष. मासळी मांडायचे दगडी ओटे हीच बैठक, पायाखाली पन्हाळीतून वाहणारं घाण पाणी. पहाटे कोळणी पाट्या घेऊन यायच्या आत सगळं आटोपून जागा मोकळी करायची होती. रमाबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. आजही त्या बाजारात संध्याकाळी गेलं की ओटे धुतल्याचा वास येतो. तिथे उभी राहिले की मला नेहमी त्या रात्रीचा उजेड कसा असेल असा प्रश्न पडतो. कंदील किती असतील? मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचा आवाज त्या पत्र्याखाली कसा घुमला असेल?

रस्ता थोडा उत्तरेला सरकला की उजव्या हाताला राणीची बाग. १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांनी ती लोकांसाठी उघडली. तिचं नाव कधीच बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी मुलं अजूनही राणीच्या बागेतच जातात. आवारातलं संग्रहालय १८७२ चं. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत येऊन नामांकित डॉक्टर झाला, शिलालेख वाचू लागला, आणि या शहराला स्वतःचं संग्रहालय हवं म्हणून झटला. संग्रहालयाजवळ घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो खाली पडून फुटला, आणि त्याचे तुकडे जोडून त्याला इथे उभं केलं. फुटला म्हणून तो आपल्याकडे राहिला.

बागेसमोरच्या बाजूला रेल्वेचं जुनं दगडी रुग्णालय आहे. ही वास्तू १८७१ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजसाठी बांधली होती. कॉलेज कोटात गेल्यावर पुढे तिथे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आली, आणि तीही १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. आता त्या रुग्णालयालाही बाबासाहेबांचं नाव आहे. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवणारी ही संस्था भायखळ्याहून माटुंग्याला गेली, म्हणजे याच रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली. मुंबईच वर सरकत होती. तिला वर सरकायला लावणारं कारण मात्र भयंकर होतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासलं आणि हा गाठीचा प्लेग आहे असं ओळखलं. तेही मूळचे गोव्याचेच. त्यानंतरच्या महिन्यांत मुंबई ओस पडत गेली. माणसं स्टेशनांवर आणि धक्क्यांवर लोटली, गिरण्यांत हात मिळेनासे झाले. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा भारतात पटकीच्या लशीचं काम करत होते. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेला परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस मिळालं. ती हवेली गव्हर्नरांनी आधीच सोडलेली होती. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच पटकीने गेल्या, आणि मग लाटसाहेबांचा मुक्काम मलबार हिलवर हलला. ज्या घरातून रोगाने सत्ताधीशांना बाहेर काढलं, त्याच घरात रोगावरची लस तयार होऊ लागली.

प्लेगनेच या रस्त्याचा उत्तरेकडचा भाग घडवला. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, आणि बेटाच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहती बसवायच्या असं त्याचं काम होतं. दादरचा हिंदू कॉलनी-पारशी कॉलनीचा सरळ रेषांतला परिसर त्यातूनच आला. कामगारांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत भीमरावांचं कुटुंब १९१२ च्या सुमारास राहायला आलं. प्लेग आला नसता तर ती चाळही नसती आणि पुढचं दादरही नसतं. मला हे आठवलं की रस्त्याच्या रुंदीकडेही वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. आपण जिला सोय म्हणतो ती कित्येक हजार माणसांच्या मरणानंतर मिळालेली आहे.

पण परळच्या आधी लालबाग लागतं, आणि लालबागला मी जरा जास्त वेळ थांबणार, कारण तिथे माझं घर होतं.

आमचे बाबा संगमेश्वराकडचे. गावाहून आले ते गाववाल्यांच्या खोलीत उतरले. एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या वळकट्या असायच्या आणि प्रत्येकाच्या नावाची ट्रंक भिंतीला लागून. झोपायला जागा पाळीप्रमाणे मिळे. एकाची रातपाळी सुरू झाली की दुसऱ्याला अंथरूण. बाबा आधी बदली कामगार होते, मग साचेखात्यात कायम झाले. पुढे लग्न झालं आणि काळाचौकीच्या बाजूला आमची स्वतःची खोली झाली. त्या वेळी भोंगा हेच आमचं घड्याळ होतं. एका गिरणीचा भोंगा वाजला की पाठोपाठ दुसरीचा, मग तिसरीचा. आई आवाजावरून गिरणी ओळखायची. पाळी सुटली की हा रस्ता माणसांनी इतका भरून जायचा की ट्रक आणि बसगाड्या उभ्या राहायच्या. बाबांच्या केसांत, भुवयांत, कानांत कापूस असायचा. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात राहिल्यामुळे ते घरीही मोठ्याने बोलत. ते चिडलेत असं पाहुण्यांना वाटायचं. आम्हाला तो त्यांचा साधा आवाज होता.

आईकडे खानावळ होती. सात-आठ मेंबर, बहुतेक गावचेच. खानावळवाल्या बायकांचे हिशेब सावकाराच्या वहीत अडकलेले असत. महिना संपला की मेंबर पैसे देणार, तोवर किराणा उधारीवर आणि उधारीवर व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप, मोर्चे आणि पुढारी ठळक होतात. साच्यावरच्या माणसाच्या पोटात दोन वेळची भाकरी ज्यांनी घातली, त्यांची पानं अजून थोडीच लिहिली गेली आहेत. मला वाटतं, या रस्त्याचा अर्धा इतिहास चुलीपाशी बसलेला आहे.

लालबागच्या बाजारात मिरच्या भाजायचा वास आजही रस्त्यापर्यंत येतो. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी. धणे, दगडफूल, नाकेसर, बादियान. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला करून घ्यायला बोरिवली-डोंबिवलीहून बायका इथे येतात, भाजणाऱ्या बाईसमोर बसतात आणि तिला सांगतात, जरा कमी भाज, आमच्याकडे काळा चालत नाही. आणि गणपती! चिंचपोकळीचा १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. राजाची सुरुवात मासे विकणाऱ्या कोळणींच्या आणि दुकानदारांच्या नवसातून झाली. बसायला हक्काचा बाजार मिळावा एवढंच त्यांचं मागणं होतं. आज त्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले काही आठवडे लालबागला सणासारखी गर्दी होती. सभा, घोषणा, गाववाल्यांच्या खोल्यांत रात्र-रात्र चर्चा. मग हळूहळू खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. वळकट्या बांधून माणसं गावी गेली, भाताची लावणी करून परत येऊ म्हणत. आईचे मेंबर एक-एक करून कमी झाले आणि जाताना प्रत्येकजण म्हणाला, वहिनी, बाकी लिहून ठेवा. तिने ती लिहून ठेवली, पण मागायला कुणाकडे गेली नाही. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. म्हणजे कागदावर तो संपलेलाच नाही. बाबांना पुन्हा कामावर घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीच्या फाटकावर रात्री बसत. जुनी मंडळी भेटली की ते अजूनही ‘आपलं खातं’ असंच म्हणायचे, जणू उद्या सकाळी पाळी लागणार आहे. एक दिवस भोंगे थांबले आणि आईने मला उठवायला भिंतीवरचं घड्याळ आणलं.

इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या जागेत भारतमाता सिनेमा होता. गिरणी बंद झाली तरी थिएटरात मराठी सिनेमे लागत राहिले. थिएटर वाचावं म्हणून मराठी कलावंत आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले होते. बाबा संपानंतर सिनेमाला फारसे गेले नाहीत, पण बाहेरची पोस्टरं थांबून पाहत. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जमिनींवर आता टॉवर आहेत. कामगारांना घरं मिळण्याचा लढा वर्षानुवर्षं चालला. काहींना सोडतीत घरं मिळाली, बरेचजण अजून फॉर्मची पावती जपून बसले आहेत. याबद्दल शांतपणे लिहायला मला जमत नाही.

परळला रस्त्याच्या पूर्वेला वळलं की रुग्णालयांचा मुलूख सुरू होतो. केईएम १९२६ चं. त्याच्या जोडीचं वैद्यकीय महाविद्यालय भारतीय डॉक्टरांनीच चालवावं अशी देणगीदारांची अट होती. वाडियांची प्रसूती आणि मुलांची रुग्णालयं, १९४१ चं टाटा, आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसातली हाफकिन. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बिहार-बंगालमधून आलेली माणसं इथल्या फुटपाथवर फायली पोटाशी धरून बसलेली असतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा मिळतो. गाडगेबाबा आणि बाबासाहेब एकमेकांना फार मानत. बाबासाहेब गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबाही गेले.

आता परळमधली पोयबावडी. दामोदर हॉलच्या मागच्या बाजूला बीआयटी चाळी आहेत. पहिल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब साधारण बावीस वर्षं राहिले. लांब सामाईक गॅलरी, एका रांगेत दारं, शेवटी सामाईक संडास. वडील रामजीबाबा १९१३ च्या फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षी भीमराव शिकायला न्यूयॉर्कला निघाले. रमाबाईंनी इथेच राहून ती वर्षं काढली. लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रांवर पत्ता परळचा. शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले ते याच चाळीत. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक सुरू झालं, त्याची कचेरी पोयबावडीतच होती. ९ मार्च १९२४ ला दामोदर हॉलमध्ये सभा भरली, त्यातून जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि तिचं कार्यालयही त्याच हॉलमध्ये आलं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी बांधलेली ती जागा. तिथे कामगारांची नाटकं होत, रात्रीच्या शाळा भरत. एकाच छपराखाली नाटकाच्या तालमी आणि माणूसपणाच्या लढ्याचे अर्ज. महाडचं चवदार तळं, मनुस्मृतीचं दहन, नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळं घडलं तेव्हा बाबासाहेबांचं घर दोन खोल्यांचं होतं. लंडनच्या राजवाड्यात इंग्लंडच्या राजासमोर भरलेल्या परिषदेतून परतलेला माणूस या जिन्याने वर चढत होता.

त्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून खाली पाहिलं की सायकली, मोटरसायकली, पाण्याची पिंपं दिसतात. मी प्रथम गेले तेव्हा आजूबाजूच्या बिऱ्हाडांत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मोठ्या माणसाच्या घराभोवती पितळी साखळी नव्हती, काच नव्हती. राहत्या माणसांत ती खोली होती. मला ते फार योग्य वाटलं.

पुढे हिंदमाता. सिनेमाचं थिएटर होतं, त्याचं नाव चौकाला मिळालं, थिएटर गेलं तरी नाव टिकलं. साड्यांची दुकानं लग्नसराईत फुलतात. पावसाळ्यात मात्र बातम्यांत पहिलं पाणी इथेच भरतं. ही जागा खोलगट आहे, चारी बाजूंनी उतार इकडे येतो, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. मुंबई एकेकाळी सात बेटं होती, मधल्या खाड्या बुजवून एक झाली. ती जुनी पाण्याची वाट पावसात पुन्हा वर येते. आता महापालिकेने जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पाणी तुंबायचं कमी झालं आहे, पण ढग दाटले की दुकानदार अजूनही खालच्या फळीवरचे गठ्ठे वर उचलतात.

दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम गेल्याला साठ वर्षं उलटली, तरी कंडक्टर ‘टीटी, टीटी’ असंच ओरडतो. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. गिरणी कामगाराला परवडणारं वाहन होतं ते, म्हणून तिच्यावर एवढी माया. खोदादाद सर्कलभोवतीच्या गोलाकार इमारती अजून तशाच आहेत. इथून पुण्याच्या गाड्या सुटतात, त्यामुळे घाटावरून येणाऱ्या कित्येकांना मुंबई पहिल्यांदा इथेच दिसते.

इथून जवळ, नायगावच्या बाजूला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संग्रहालयाची स्थापना १८९८ ची, म्हणजे सुधारणा ट्रस्टच्याच वर्षाची. प्लेगच्या त्या काळात एकीकडे चाळी-रस्त्यांचे नकाशे आखले जात होते आणि दुसरीकडे काही माणसं मराठी पुस्तकं जमा करत होती. कॉलेजात असताना मी लालबागहून इथे वाचायला यायची. घरी बाबा दिवसा झोपलेले असत, बोलायला मनाई, बसायला जागा नाही. इथे लांब टेबलं, वर पंखा, समोर हवं ते पुस्तक. लालबाग ते दादर हे अंतर काही फार नाही, पण त्या टेबलापाशी बसलं की घरातली चणचण काही वेळ मागे राहायची. भीमराव लहान असताना लोअर परळच्या एका खोलीत अभ्यास करत, तेव्हाही जागेचीच अडचण होती. वडील त्यांना संध्याकाळी लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर उठवत, म्हणजे घर शांत असताना वाचता यावं. हे मी ग्रंथसंग्रहालयातच वाचलं, आणि त्या दिवशी घरी जाताना राजगृहाकडे वळून गेले.

राजगृह हिंदू कॉलनीत आहे. बाबासाहेबांनी ते १९३० नंतरच्या वर्षांत बांधलं, आणि बांधताना आधी पुस्तकांचा विचार केला. घर माणसांसाठी बांधतात आणि पुस्तकं मिळेल त्या कोपऱ्यात ठेवतात. इथे उलट होतं. हजारो ग्रंथ नीट मांडता यावेत, हाताशी यावेत, म्हणून भिंती उभ्या राहिल्या. पोयबावडीच्या दोन खोल्यांतून पुस्तकांचे गठ्ठे या रस्त्यानेच वर आले असणार. रमाबाईंना मात्र या मोठ्या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ ला त्या इथे गेल्या. मासळीबाजारातला मांडव, चाळीतली वर्षं, आणि अखेरीस राजगृह. त्यांचाही सगळा प्रवास याच रस्त्यावर झाला, हे आपण फार क्वचित आठवतो.

माटुंग्याकडे सावली दाट होते. पारशी कॉलनीत मंचेरजी एदलजी जोशींनी लावून घेतलेली झाडं, फाइव्ह गार्डन्स, मग किंग्ज सर्कल, म्हणजे आजचं महेश्वरी उद्यान, आणि भोवतालची उडुपी हॉटेलं. पुढे शीव, टिळक रुग्णालय, आणि बेटाची हद्द. इथून साष्टीकडे जायला गव्हर्नर डंकनच्या काळात, १८०५ पर्यंत, बांध घातला गेला. त्याआधी खाडी ओलांडायला होड्या. या बांधावरून रस्ता कुर्ला, ठाणे, पुढे घाटाकडे निघाला. आज त्याच दिशेला महामार्ग जातो आणि तिथे गेल्यावर चालायला जागा उरत नाही.

मला राहून राहून परत फिरावंसं वाटतं, कारण हा रस्ता एकदा उलट्या दिशेने चालला गेला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. रात्री विमानाने त्यांचा देह सांताक्रूझला आला आणि पहाटे राजगृहात. ७ तारखेला दुपारी यात्रा निघाली. हिंदू कॉलनीतून तेव्हाच्या व्हिन्सेंट रोडवर, म्हणजे याच रस्त्यावर, तिथून दक्षिणेला पोयबावडी, मग एल्फिन्स्टनच्या पुलावरून सयानी रोड, गोखले रोड आणि दादरची चौपाटी. दादरचा समुद्र राजगृहापासून पश्चिमेला जवळ आहे. तरी यात्रा आधी परळला आली, त्यांच्या जुन्या चाळीपाशी आणि कामगारांत. बाबा त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते, नुकतेच बदलीवर लागलेले. परळच्या नाक्यावर ते उभे होते. माणसं गॅलऱ्यांत, कौलांवर, दिव्याच्या खांबांवर होती असं ते सांगायचे. शेजारच्या खोलीतला एक जोडीदार, त्यांच्याच खात्यातला, रस्त्यावर बसून ओक्साबोक्शी रडत होता आणि बाबांना त्याला काय म्हणावं ते कळेना. ‘मी त्याचा हात धरून बसलो, दुसरं काही येत नव्हतं मला,’ असं बाबा म्हणायचे. बाबांच्या गावात या जोडीदाराला त्यांच्या विहिरीवर पाणी भरता आलं नसतं. हेही तेच सांगायचे, स्वतःहून.

दर वर्षी ६ डिसेंबरला दादरला लाखो माणसं येतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते, आणि पोटाला चिमटा घेऊन आलेली माणसंही पिशवीभर पुस्तकं घेऊन परततात. चैत्यभूमीचं दर्शन झालं की पुष्कळजण राजगृहाकडे येतात. काही वर्षांपूर्वी मी तिथून जात असताना यवतमाळकडच्या एका आजींनी मला थांबवलं. सोबत मुलगा, सून आणि बारावीतली नात. दोन पिशव्या पुस्तकांच्या.

‘ताई, बाबासायेब आधी राहत होते ते चाळ कोठी हाय?’

मी सांगू लागले. या गल्लीतून बाहेर पडा, मोठा रस्ता लागेल, डावीकडे वळा. टीटी ओलांडा. हिंदमाता येईल, साड्यांची दुकानं दिसतील. तसंच सरळ परळपर्यंत. मग दामोदर हॉल विचारा, त्याच्या मागे बीआयटी चाळ. नातीने वही काढून खुणा एकाखाली एक लिहून घेतल्या. चालत पाऊण तास लागेल म्हटल्यावर आजी म्हणाल्या, मंग जवळच हाय की.

नातीने लिहिणं थांबवून विचारलं, ‘आणि भायखळ्याचा बाजार? रमाईचं लग्न झालं तो?’

तो याच रस्त्यावर, परळच्याही पुढे, अजून तासभर, मी म्हणाले. पण तुमची गाडी किती वाजता आहे?

मुलाने घड्याळ पाहिलं. आजींनी त्याच्याकडे न पाहताच एक पिशवी खांद्याला लावली. ‘मंग उद्याच्या गाडीनं जाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘आज बजार पाहून घेऊ.’